प्लॅस्टरवरचा पांढरा थर

लोणावळ्यात पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या एका बंगल्यात मी झाडलोटीला लागले होते. तिथल्या पोहण्याच्या पुलाचं काम माझ्याकडे आलं ते पुलाचा माणूस सोडून गेला म्हणून. जाण्याआधीचे चार दिवस मी त्याच्या मागे मागे फिरले आणि सगळं विचारून घेतलं. तपासणीच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी ताडून बघायचा. टाकव्याच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या बाईला यात अवघड काहीच नव्हतं. अवघड होतं ते मला हे कळतं हे दुसऱ्याला पटवणं.

तिथलं बोअरचं पाणी जड होतं. उन्हाळ्यात पाणी उडून जायचं आणि क्षार मागे राहायचा. पाणी तापवायच्या हीटरवर बसतो तसाच थर पुलाच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर बसायचा. तळाच्या प्लॅस्टरवर तर बारीक पांढरे दाणे उठले होते, पायाला टोचणारे. उथळ बाजूच्या पायऱ्यांवर तपकिरी डाग होते. आधी मला वाटलं, झाडाच्या पानांचे असतील. क्लोरिन मारून बघितलं, हलले नाहीत. मग त्या जुन्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, व्हिटॅमिन सीची गोळी डागावर चोळ, डाग फिका पडला तर तो लोखंडाचा समज. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, पायरीवर बसून चोळल्या, आणि गोळीएवढी गोल पांढरी जागा उघडी पडली. मला इतका आनंद झाला की मी बागेतल्या आबांना हाक मारून ते दाखवलं.

आबा तिथले माळी. साठी उलटलेले, पायी येणारे, पायी जाणारे. वाकून बघत ते म्हणाले, "आयला, गोळी मानसानं खायची का तलावानं?"

त्यानंतर महिनाभर मी त्या पुलाच्या मागे होते. पाण्याचं औषध थोडं थोडं बदलायचं, म्हणजे थर मऊ पडतो. मग पाय घासायच्या वज्रीसारखा भोकाभोकांचा हलका दगड घेऊन एकेक हात जागा घासायची. दुपारी काम नसलं की आबाही ब्रश घेऊन यायचे. निम्मी भिंत स्वच्छ झाली होती. खालचं प्लॅस्टर गुळगुळीत, शाबूत होतं.

तेवढ्यात मॅनेजर आला. हा पंधरवड्यातून एकदा यायचा. कुणा पाहुण्यानं इंटरनेटवर पुलाचा फोटो टाकून खाली घाण असं लिहिलं होतं. शनिवारी लग्नाची मोठी पार्टी उतरणार होती. त्यानं गाडीतून अ‍ॅसिडचे कॅन उतरवले आणि पूल रिकामा करायला लावला.

"आज सगळं पांढरं झालं पाहिजे," तो मला म्हणाला. "तुझं ते दगड घासणं बंद कर."

मी म्हणाले, "साहेब, अ‍ॅसिड थर खातं, पण खालचं प्लॅस्टरही खातं. आणि रिकाम्या पुलात खोल बाजूला त्याची वाफ साचून राहते. करायचंच तर पाण्यात पातळ करून, मास्क लावून, दोन माणसांनी करावं लागतं. मास्क आणलाय का?"

"तुला झाडायला ठेवलंय की मला शिकवायला?"

"मी उतरणार नाही."

"नको उतरूस." तो वळला आणि त्यानं बागेकडे बघून हाक मारली. "आबा, जरा या इकडे."

आबा पाण्याची नळी खाली ठेवून आले. मी त्यांना सगळं सांगितलं, मॅनेजरच्या समोरच सांगितलं. आबांनी ऐकलं, मान हलवली आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडायला लागले.

"आबा, नका जाऊ."

"आगं, दोन तासांचं तर काम हाय. न्हाई म्हनलं तर उद्या हितं दुसरा मानूस उभा करत्यात. मी या वयात कुटं जाऊ?"

त्यांनी पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. माझं डोकं इतकं तापलं की काय बोलते आहे ते मलाच कळलं नाही. "मग जा, मरा तिकडं," असं मी त्यांना म्हणाले आणि चादरी धुवायला गच्चीवर निघून गेले.

मॅनेजरचा राग मला आजही येतो, पण त्या गच्चीवर मी जो वेळ घालवला त्याचा जास्त येतो. मला माहीत होतं. त्या बंगल्यात फक्त मलाच माहीत होतं. तरीही मी चादरी पिळत उभी राहिले, कारण माझं ऐकलं नाही म्हणून मी रुसले होते.

पाऊण तासानं वास वर आला. नाक चिरत जाणारा. मग खोकला ऐकू आला, आणि तो थांबेना. मी कठड्यावरून बघितलं. मॅनेजर छत्रीखालच्या खुर्चीत फोनवर बोलत होता. आबा खोल बाजूला गुडघ्यांवर बसले होते आणि हातातला ब्रश सुटला होता.

मी ओढणी ओली करून तोंडाला बांधली, बागेची नळी ओढली आणि पाणी सोडून आत उतरले. मागून मॅनेजर ओरडला, "अगं, पाणी मारू नकोस, अ‍ॅसिड वाया जाईल!"

हे वाक्य मी नंतर पोलिसांना जसंच्या तसं सांगितलं. ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

आबांना काखेत धरून मी उतारावरून उथळ बाजूला ओढत आणलं. गुडघ्यांची कातडी पांढरी पडली होती. मी त्यांच्यावर पाणी ओतत राहिले आणि स्वयंपाकीणबाईंना हाका मारत राहिले. दोघींनी मिळून त्यांना वर काढलं. मॅनेजरनं गाडी काढली खरी, पण रस्ताभर तो एकच सांगत होता. "डॉक्टरांना सांगायचं, फरशी धुताना पाय घसरून पडले. समजलं ना आबा?" आबांना श्वास घेता येत नव्हता, तरी ते मान हलवत होते. ती हलणारी मान बघून मला रडू यायला हवं होतं, पण माझे दात आवळले गेले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मॅनेजर म्हणाला, पडले.

"पडले नाहीत," मी म्हणाले. "रिकाम्या पुलात पाऊण तास अ‍ॅसिड घासत होते. कॅनमधलं तसंच ओतलेलं, पाणी न घालता."

"कुणी उतरवलं?"

मी बोट दाखवलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून मालकीणबाईंचा फोन आला. त्या बऱ्या बाई होत्या, दिवाळीला आठवणीनं साडी द्यायच्या. त्या म्हणाल्या, "ऐकून फार वाईट वाटलं गं. पण शनिवारपर्यंत पूल भरता येईल ना?"

"भरता येईल, मॅडम," मी म्हणाले. "आबांना अजून ऑक्सिजन लावलाय." आणि फोन ठेवला. त्या बंगल्यातलं ते माझं शेवटचं बोलणं.

माझे कपडे आणायला गेले तेव्हा पूल बघितला. अ‍ॅसिड जिथून ओघळलं तिथे प्लॅस्टरला चर पडले होते आणि आतली बारीक खडी वर आली होती. असल्या खरखरीत तळावर क्षार आणखी लवकर धरतो. पावसाळ्याआधीच पुन्हा थर चढला, पहिल्यापेक्षा जाड, असं स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं. ऐकून मला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच चीड आली, कारण आबा तेव्हा घरात उशाला टेकून बसून झोपत होते. आडवं झालं की खोकला यायचा.

आबांनी पोलिसांना सांगितलं, माझ्याच चुकीनं झालं. मी त्यांच्या घरी जाऊन भांडले. त्यांच्या बायकोसमोर भांडले. ते भांडण संपल्यावर मी हळूच म्हणाले, "आबा, त्या दिवशी मी तुम्हाला मरा म्हणाले."

त्यांचा आवाज पार बसला आहे, कान जवळ न्यावा लागतो. "कवा? मला न्हाई आटवत," ते म्हणाले आणि खिडकीकडे बघत राहिले. ते खोटं बोलत होते.

माझा जबाब मी मागे घेतलेला नाही. आबांचा नसला तरी माझा आहे, आणि डॉक्टरांचा कागद आहे. वडगावच्या कोर्टात तारखा पडतात. मॅनेजर तिथे इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि मला 'ताई' म्हणतो. मागच्या तारखेला तो बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, झालं ते झालं. त्या माणसाचीच तक्रार नाही, मग तुम्ही कशाला वाढवता?"

मी म्हणाले, "तुम्ही कुणाला उतरवलंत, त्यांचं नाव सांगा. पूर्ण नाव."

तो आबा, आबा एवढंच म्हणत राहिला. शिपायानं दारात येऊन पुकारा केला आणि मी उठले.