संगणकाची उत्तरपूजा

आमच्या घरात राहुकाळ फक्त संगणक पाळत असे. मी जन्मभर पोलादपूरच्या शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. राहू-केतू हे ग्रहच नाहीत, हे सांगून सांगून मी अर्ध्या गावाला वीट आणला होता. पण संगणक घेतला तो महाडच्या एका गुरुजींचा जुना (स्वस्त मिळाला, इथे विज्ञानाचा संबंध नाही). गुरुजी मुंबईला मुलाकडे राहायला गेले आणि त्यांचं लायसन्सवालं पंचांगाचं सॉफ्टवेअर आमच्या गळ्यात पडलं. रोज राहुकाळ लागला की घंटा वाजे, पडदाभर गणपती येई आणि एक घोगरा आवाज सांगे, "राहुकाळ सुरू झाला आहे. शुभकार्य थांबवावे." आई हातातलं काम टाकून संगणकाला नमस्कार करी.

इथवर ठीक होतं. मग माझ्या मुलीला, मेघाला, पुण्याच्या एका कंपनीतून ऑनलाइन मुलाखतीचं बोलावणं आलं. शुक्रवारी सकाळी सव्वादहाला. आणि शुक्रवारचा राहुकाळ साडेदहाला! कितीतरी अर्ज करून पोरीला आलेलं हे पहिलं बोलावणं. मोबाइलवर मुलाखत देणं शक्य नव्हतं, कारण आमच्या घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते, तीही अर्धं अंग बाहेर काढल्यावर. मेघा म्हणाली, बाबा, ते आधी काढा. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम.

सॉफ्टवेअरने पासवर्ड मागितला. गुरुवारी मी खिडकीत लोंबकळून गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, पासवर्ड उद्या देतो, आज अमावास्या आहे, आज काही काढू नका. ते लायसन्स मला नव्या लॅपटॉपवर सुखरूप हवंय. शुक्रवारी सकाळी फोन केला, तर गुरुजी कुणाकडे तरी सत्यनारायण सांगायला गेलेले. मी खिडकी ते संगणक, संगणक ते खिडकी अशा येरझारा घालत होतो. मेघा तयार होऊन नखं खात बसली होती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

दहाच्या सुमारास गुरुजींचा फोन आला. तो नेमका आईने घेतला.

"त्यात गणपती हाय रे," ती खिडकीतून म्हणाली. "उत्तरपूजा केल्याबिगर नाय हलवायचा."

गुरुजींचंही तेच मत पडलं. वाद घालायला वेळ कुठे होता? गुरुजी फोनवर मंत्र सांगत, आई खिडकीतून ओरडून तो माझ्यापर्यंत पोचवी, आणि मी, विज्ञानाचा मास्तर, कीबोर्डावर अक्षता टाकत होतो. 'पुनरागमनाय च' म्हणून माउस जरासा हलवला. मग कुठे गुरुजींनी पासवर्ड सांगितला, तो टाकला. पडद्यावर रिमूव्ह आणि रिपेअर अशी दोन बटणं शेजारी शेजारी आली, आणि घाईत मी रिपेअर दाबलं. संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर दुरुस्त झालेला गणपती दुप्पट मोठ्या घंटेसह हजर!

"तूच सांगितलंस ना त्याला, परत ये म्हणून," आई म्हणाली.

पुन्हा काढायला वेळ उरला नव्हता; मुलाखत वेळेवर सुरू झाली. मी दाराआड उभा होतो. बरोबर साडेदहाला घंटा वाजली आणि घोगऱ्या आवाजाने शुभकार्य थांबवलं. पोरीची नोकरी मी अक्षता टाकून बुडवली होती.

"किती वाजेपर्यंत आहे?" मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

"बारापर्यंत," मेघा रडवेल्या आवाजात म्हणाली.

"मग बारानंतर बोलू या. आमचे साहेबही राहुकाळात कुणाला नोकरीवर घेत नाहीत."

बारानंतर मुलाखत झाली आणि मेघाला नोकरी लागली. पुण्याला निघायचं ठरलं एका सोमवारी. गाड्या दोन, सकाळी सातची आणि आठची. सोमवारचा राहुकाळ लागतो साडेसातला. राहू हा ग्रहच नाही, हे मी तिला स्टँडवर पुन्हा एकदा नीट समजावून सांगितलं आणि सातच्या गाडीत बसवून दिलं.

(सातच्या गाडीला गर्दी कमी असते.)