गोळीवरचं दूध

शिवाजी पेठेतल्या झुंबरबाईचा म्हशीच्या दुधावर देवाइतका विश्वास. ताप असो, अशक्तपणा असो, बाळंतपण असो, तिचं औषध एकच. नवऱ्याला, पिराजीला, कंपवात झाला आणि डॉक्टरांनी दिवसातून तीनदा गोळी लिहून दिली, तेव्हा बाईनं ती कधी नुसत्या पाण्याबरोबर दिली नाही. दारातल्या म्हशीचं सायीचं दूध, तेही पेला काठोकाठ भरून. उपाशी पोटी गोळी कशी द्यायची, माणूस हाय का जनावर?

पण पिराजीचा खांदा ठणकायचा. असा ठणकायचा, की शर्ट चढवताना हा एकेकाळचा पैलवान गडी कळवळायचा. तेल झालं, शेक झाला, एक्सरे झाला. हाडात काही नाही. एकदा तो हळूच म्हणाला, "दुधासंगं गोळी घेतली की उतारच पडत न्हाय बघ. पाण्यासंगं दे की."

झालं! म्हशीला नाव ठेवलं म्हणजे बाईलाच ठेवलं. "म्या काय इख घातलंय व्हय त्यात? सोंगं नकोत. गप प्यायचं!"

पिराजी गप प्यायला. वर्षभर.

यंदा सून अनुजा त्याला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. झुंबरबाईही सोबत होती. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन असतं. ते अंग हलवतं, तसं दुखण्यालाही आवर घालतं. या आजारात ते आटतं, मग थोडं दुखलं तरी फार जाणवतं. सोंग नव्हे, खरंच जाणवतं. गोळी ती उणीव भरून काढते. पण दुधातली प्रथिनं तिच्याच वाटेनं आत शिरतात. रेटारेटी होते आणि गोळी मागं राहते. "गोळी पाण्याबरोबर द्या. दूध तासाभरानं."

झुंबरबाईचं तोंड एवढंसं झालं. घरी आल्यावर तिनं गोळीशेजारी पाण्याचा पेला ठेवला.

पंधरा दिवसांनी पिराजीनं खुंटीवरचा शर्ट स्वतः काढला, हात वर करून बाही चढवली. कळवळला नाही. ते बघून झुंबरबाई उंबऱ्यातच मटकन बसली आणि रडायला लागली.

"माझं चुकलं वो. तुमी सांगत हुता."

"सांगितलं हुतं की," सावकाश बटण लावत तो म्हणाला. आवाजात राग नाही, टोमणा नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बाईला बरं वाटलं असतं.

"गोळी घेऊन तास झाला न्हवं? आण आता दूध."

ती उठली, पेला भरला, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. पण पेला द्यायला तिचा हात काही पुढं होईना.