फ्रान्सला जाणाऱ्यांसाठी ल्यूकची यादी

अमेरिकन सैन्याच्या राखीव दलात मी नऊ वर्षं स्वयंपाक केला. बाहेर पडले तेव्हा रँक स्टाफ सार्जंट होती. भरती झाल्याचं नागपूरला फोन करून सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "एवढ्या दूर जाऊन पोळ्याच लाटणार का गं?" पोळी एकही लाटली नाही. एका सकाळी चारशे माणसांची अंडी मात्र फोडली आहेत.

हे लिहायला कारण झाल्या नीला काकू. इथे अमेरिकेत, ट्रॉय गावात आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात, निवृत्त डॉक्टर आहेत. त्यांचा दहा जणांचा ग्रुप सप्टेंबरात फ्रान्सला निघालाय.

"उज्ज्वला, तुझ्या युनिटमध्ये तो फ्रेंच मुलगा होता ना? तिकडे रस्त्यावरचं काय काय ट्राय करायचं, लिस्ट दे ना. आम्ही सगळं पॅक करून हॉटेलवर नेऊ. टॉवेल अंथरून मस्त मांडी घालून खाऊ. चिवडा आहेच सोबत."

"लिस्ट देते काकू. पण पॅक करायचं नाही."

"का गं?"

त्याचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही. म्हणून लिहितेय.

पाच वर्षांपूर्वी एका शनिवारी सकाळी ०५४० ला, म्हणजे लष्करी घड्याळात पाच चाळीसला, बोलावणं आलं. पूर्वेकडच्या डोंगराळ भागात तीन दिवस पाऊस कोसळत होता आणि नदी गावात शिरली होती. रविवारी १३०० वाजता आम्ही तिथल्या हायस्कूलच्या पार्किंग लॉटमध्ये किचन ट्रेलर उभा केला. शाळेत घरं सोडून आलेली अडीचशे माणसं होती. ०५०० ला बर्नर पेटायचे, ०६०० ला नाश्ता, १८०० ला जेवण. मध्ये भांडी, मग पुन्हा भांडी. लष्करी स्वयंपाक म्हणजे तीन हिस्से घासणं आणि एक हिस्सा शिजवणं, हे भरतीच्या वेळी कोणी सांगत नाही.

माझ्या हाताखाली चार जण होते. त्यातला एक ल्यूक दुवाल, हुद्दा स्पेशालिस्ट, म्हणजे साध्या शिपायाच्या एक पायरी वर, वय सव्वीस. त्याची आजी नीसची. नीस म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं समुद्रकाठचं शहर. एका अमेरिकन शिपायाशी लग्न करून ती इकडे आली आणि पुढे आईबापावेगळ्या ल्यूकला तिनंच वाढवलं. दर शनिवारी गावच्या बाजारात ती फ्रेंच खाण्याचा छोटा स्टॉल लावायची. ल्यूक तिथंच हात भाजत शिकला.

कांदे चिरायला बसलं की हा आमचा वर्ग घ्यायचा. पॅरिसला उतरलात की पहिल्या दिवशी रेस्टॉरंटच्या वाटेला जाऊ नका. बेकरीतून जाँबाँ-ब्यूर घ्या, म्हणजे लांब पाव, त्यात लोणी आणि हॅम, बाकी काही नाही. हिवाळा असेल तर कोपऱ्यावर भाजलेले चेस्टनट मिळतात, ते खिशात भरा, हातही शेकतात. ब्रिटनी प्रांताकडे गेलात तर गालेत, कुट्टूच्या पिठाचं काळसर पातळ धिरडं, त्यात सॉसेज गुंडाळून देतात. मांस खात नसाल तर साखर-लिंबाचा क्रेप, तेच धिरडं पण मैद्याचं. मार्सेय शहरात पानिस, म्हणजे बेसन शिजवून, थापून, कापून तळलेल्या कांड्या. नीसला पॅन बान्या हा ट्यूना मासा आणि अंडं भरलेला गोल पाव. आणि नीसलाच सोका.

सोका म्हणजे काय ते त्यानं सांगितलं आणि मी सुरी खाली ठेवली. बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. मोठ्या तव्यावर पातळ ओतायचं, कडक भट्टीत घालायचं, कडा करपल्या की ओरबाडून काढायचं, वर मिरपूड.

"अरे, हे तर आमचं धिरडं," मी म्हटलं. "कांदा, ओवा, मिरची घाल, मग बघ."

"सार्जंट, विथ रिस्पेक्ट, हा गुन्हा आहे."

"चारच वस्तूंचं कसलं रे खाणं?"

"पाचवी वस्तू म्हणजे तिथं उभं राहणं. सोका गाडीपाशी उभ्यानं खायचा, बोटं भाजत. दहा मिनिटांत तो मरतो. पार्सल सोका नावाची गोष्ट जगात नाही."

"तू फ्रान्सला किती वेळा गेलायस?"

"झीरो टाइम्स, सार्जंट."

आम्ही पोट धरून हसलो. सगळं ज्ञान आजीच्या तोंडचं होतं. पण त्याच आठवड्यात त्याचा पहिला पासपोर्ट आला होता. पुढच्या महिन्यात तो आजीला घेऊन नीसला जाणार होता. तो पासपोर्ट त्यानं मला चार वेळा दाखवला. चौथ्या वेळी मी ओरडले, "दुवाल, बटाटे!"

मंगळवारी ०७०० ला कॅप्टन ट्रेलरपाशी आले. आमचा रसदेचा ट्रक खचलेल्या रस्त्यापलीकडे अडकला होता. नदीच्या पलीकडच्या प्राथमिक शाळेत एकशे बारा माणसं होती. त्यात म्हातारी होती, लेकरं होती, आणि दोन दिवस ती बिस्किटांवर होती. पाण्याच्या ओढीमुळे बोटी चालत नव्हत्या, हेलिकॉप्टर ढगांमुळे येत नव्हतं. एका रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं, उंच चाकांचा ट्रक त्यातून जात होता.

"काय देऊ शकता, सार्जंट?"

पाकिटातलं रेशन संपत आलं होतं. अंडी संपली होती. गव्हाचं पीठ भिजलं होतं. गोदामाच्या कोपऱ्यात मात्र आदल्या दिवशी न्यू जर्सीहून मदत म्हणून आलेल्या चाळीस पिशव्या पडून होत्या. तिथल्या आयसेलिन गावातल्या आपल्या भारतीय दुकानदारांनी पाठवलेलं बेसन. ते काय असतं हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून कोणी हात लावला नव्हता. मी पिशवी फोडून वास घेतला. ताजं होतं.

"गरम जेवण देते, सर. १०३० ला."

"त्याआधी नाही?"

"पीठ दोन तास मुरलं पाहिजे, सर," मागून ल्यूक म्हणाला. कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्या बाबतीत तो बरोबर होता.

ऑलिव्ह तेल नव्हतं, सोयाबीन तेल होतं. ल्यूकचा चेहरा पडला.

"मग हा सोका नाही, सार्जंट."

"धिरडं म्हण. पण ओत."

त्यानं ओतलं. ओव्हन पुरता तापवून आम्ही ट्रेमागून ट्रे काढल्या. निम्म्यांत मी कांदा घातला. तो बघत होता. कांदा घातलेल्या ट्रेतला पहिला तुकडा त्यानंच उचलून खाल्ला, हे मी पाहिलं.

ट्रकबरोबर ड्रायव्हर आणि वाढायला एक स्वयंपाकी हवा होता. मी ओव्हन सोडू शकत नव्हते. बाकीच्या तिघांपेक्षा ल्यूक चपळ होता. नाव मी दिलं.

"सार्जंट, सोका कुठे नेत नसतात."

"मर्माइटमध्ये भर आणि ने." मर्माइट म्हणजे अन्न गरम राहावं म्हणून जाड भिंतींचा लष्करी डबा.

"यस, सार्जंट."

मुलांना आणि म्हाताऱ्यांना आधी, बाकीच्यांना दुसऱ्या खेपेत, असं ठरलं. पहिली खेप १०४० ला निघाली आणि १२२० ला सुखरूप परत आली. दुसरी १३१० ला निघाली. १३५० ला रेडिओ वाजला.

"किचन, धिस इज किचन टू. सगळ्यांना वाटून झालं. एक आजी दुसऱ्यांदा मागतायत. कांद्याचा. ओव्हर."

"आधी सांगितलं होतं. ओव्हर."

"सार्जंट, अजून गरम होता. ओव्हर."

"रॉजर. परत या. आउट."

मी त्याच्याशी बोललेला शेवटचा शब्द 'आउट' आहे, रेडिओवर बोलणं संपल्याची खूण.

१४१५ च्या सुमारास परतीच्या वाटेवर पाण्याखालचा रस्ता खचला. ट्रक कुशीवर पडून प्रवाहात सरकला. ड्रायव्हरचा पाय अडकला होता. ल्यूकनं तो सोडवला आणि त्याला वरच्या खिडकीतून बाहेर ढकललं. ड्रायव्हरनं झाडाची फांदी धरली. त्यानं मागे वळून पाहिलं तेव्हा ट्रक दिसत नव्हता.

कॅप्टन १४४० ला आले. टोपी काढून हातात धरली होती, त्यावरूनच मला कळलं.

"सार्जंट, थांबा तुम्ही. आज संध्याकाळी पाकिटं वाटू."

"नो, सर. १८०० ला जेवण आहे."

"उज्ज्वला." त्यांनी पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली.

"पाकिटं पुरणार नाहीत, सर. पीठ मुरलंय."

मी पुढची ट्रे आत सरकवली. तिच्यामागच्या ट्रेत पीठ ओतलं. ते आपलं आपण पसरतं. उरलेले तिघं माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. १८०० ला अडीचशे माणसांना गरम वाढलं, एक मिनिटही उशीर केला नाही. भांडी घासून झाल्यावर मी ट्रेलरच्या मागे गेले आणि ढसाढसा रडले.

ल्यूक बुधवारी सकाळी सापडला. पलीकडच्या शाळेतली एकशे बारा माणसं त्याच दिवशी बोटींनी बाहेर काढली.

अंत्यविधीला त्याची आजी भेटली. बुटकी, ताठ बाई. मी तिला सगळं सांगितलं. नाव मी दिलं होतं, हेही सांगितलं. तिनं माझा हात धरला आणि एकच विचारलं, "गरम होता?"

"हो. रेडिओवर तसं म्हणाला."

"ऑलिव्ह तेल?"

"नव्हतं."

तिनं मान हलवली, नातवासारखीच, न पटल्यासारखी. माझा हात मात्र सोडला नाही.

आज पुन्हा वेळ आली तर मी त्याचंच नाव देईन का? देईन. पलीकडची माणसं उपाशी होती आणि तो सर्वांत चांगला होता. असं म्हणता यायला मला पाच वर्षं लागली.

तर काकू, यादी वर दिलीच आहे. चेस्टनट खिशात घाला, जाँबाँ-ब्यूर बागेत बसून खा, चिवडाही खुशाल न्या. पण नीसच्या जुन्या गल्ल्यांत सोका दिसला की दहाच्या दहा जण थांबा. कागदात देतील, वर मिरपूड घाला आणि गाडीपाशीच, उभ्यानं, बोटं भाजली तरी खा. टॉवेल हॉटेलवरच राहू दे. पहिला घास ल्यूक दुवालच्या नावानं घ्या.

सोका कुठे नेत नसतात. स्पेशालिस्ट दुवालनं आयुष्यात दोनदा नेला, एकाच दिवशी, आणि एकशे बारा माणसं गरम जेवली.