शुक्रवारी दाखवायचं घर

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार आहेत ते माझ्या थोरल्या ताईचे. आमच्या घरात पहिला बी.ए. मी झालो, मास्तर झालो. पण कॉलेजची फी भरली तिने, लूमवाल्यांच्या, म्हणजे यंत्रमागवाल्यांच्या, सुताच्या कांड्या भरून. चौथीतून शाळा सोडून ती ओट्यावर सूत गुंडाळत बसली, ती लग्न होऊन वज्रेश्वरीकडे जाईपर्यंत.

नव्वद सालाच्या आसपास आमच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना उभा राहिला. फळीवरची भांडी दिवसरात्र थरथरायची. डाळीत, पाण्यात, अंथरुणात कापसाची धूळ. बाबांचा खोकला थांबेना. डॉक्टर म्हणाले, यांना इथून हलवा. म्हणून घर विकायचं ठरलं.

ताई आली. चुलीपाशी बसून म्हणाली, "इकायचं तं इक. पन चूल पेटवनाऱ्याला दे, मशीन टाकनाऱ्याला न्हाय. न्हाय तं माहेर म्हनून मी बघायचं काय?"

मी शब्द दिला.

गल्लीतला दलाल लगेच दारात हजर. "मास्तर, हे घर शुक्कारीच दाखवायचं. येवढं बी.ए. केलंत, ह्ये न्हाय शिकवलं?"

भिवंडीत लूमना सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी आमचं घर अगदी शांत असायचं. पण तसं दाखवून विकणं मला फसवणूक वाटली. दलालाला नको म्हटलं आणि दारावर स्वतःच खडूने लिहिलं : घर विकणे आहे.

पहिलं गिऱ्हाईक नेमकं शुक्रवारीच आलं. एक शिंपी, त्याची बायको, कडेवर मूल. बाईंनी मोरी पाहिली, चुलीवरून हात फिरवला. त्यांना घर आवडलं होतं.

मी म्हणालो, "उद्या पुन्हा या. मशीन चालू असताना बघा."

समोरच्या पानपट्टीवरून दलाल मोठ्याने हसला.

शनिवारी ती दोघं आली. बाई काहीतरी बोलल्या, मला ऐकूच आलं नाही. मग ओरडून म्हणाल्या, "भाईसाब, बच्चा सोएगा कैसे?"

त्यांच्यानंतर आलेलेही असेच परत गेले. दारावरचा खडू पुसट झाला. बाबा रात्री बसून झोपू लागले.

शेवटी शेजारचा कारखानदारच आला. चपला न काढता आत शिरला आणि जमिनीवर टाच आपटली. "पक्की हाय ना, मास्तर? मशीन हलायला नको." आवाजाची त्याला अडचण नव्हती. चुलीकडे त्याने पाहिलंही नाही.

मी बाबांकडे पाहिलं. खोकताखोकताच ते म्हणाले, "दे."

कल्याणच्या भाड्याच्या खोलीतून मी ताईला पत्र लिहिलं. तिला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलं.

"ताई,

घर गेलं. चूल पेटवणारा मिळाला नाही. कारखानदाराला दिलं. तुला दिलेला शब्द माझ्याकडून पाळला गेला नाही. बाबांना इथे थोडी झोप लागते.

आत चार लूम बसले आहेत. चूल काढली. तू बसायचीस तो ओटा अजून आहे. कधी तिकडे जावंसं वाटलं, तर शुक्रवारी जा.

तुझा भाऊ"