घरापुरतं पथ्य

इस्लामपूरजवळच्या आपल्या गावात हंबीरराव खाण्यासाठी नावाजलेला. लग्नाच्या पंगतीत वाढपी बुंदीचं पातेलं घेऊन त्याच्यापुढंच थांबायचे आणि हा गडी लाजायचं सोडून मिशीला पीळ द्यायचा. मेढ्याला दिलेल्या धाकट्या बहिणीचं, संयोगिताचं, लिव्हर निकामी झालं, तेव्हा "माझं घ्या" म्हणून हाच छाती काढून पुढं झाला.

डॉक्टरांनी तपासलं. रक्त जुळत होतं, पण त्याच्या स्वतःच्या लिव्हरवर चरबी चढली होती. वजन उतरवा, दिवाळीनंतर पुन्हा बघू, मगच तुकडा घेता येईल, असं त्यांनी सांगितलं.

घरी बायको बिनतेलाची भाजी वाढायची, हा मुकाट खायचा. कट्ट्यावर मात्र लोक भज्यांची प्लेट पुढं सारत. एवढा मोठा भाऊ, त्यानं उपाशी का मरायचं, असा त्यांचा आग्रह. नाही म्हणायची या माणसाला सवयच नव्हती. बहिणीच्या आजारपणावर मिळालेला मान तो भज्यांबरोबर खुशाल खात होता.

भाऊबीजेला तो निघाला. साताऱ्यात भाच्यांसाठी कंदी पेढ्यांचा बॉक्स घेतला. मेढ्याच्या एसटीत बसल्यावर एक चाखून बघितला. मेढा आलं तेव्हा बॉक्समध्ये नुसता कागद उरला होता. दुकान बंद होतं, असं त्यानं पोरांना सांगितलं.

संयोगिता भिंत धरून उठली. पाणी भरून तिचं पोट टम्म फुगलं होतं. तिनं ओवाळलं, एक करंजी मोडली आणि सणाची म्हणून अर्धीच दादाच्या हातावर ठेवली.

पुढच्या तपासणीत चरबी होती तिथंच. असं लिव्हर घेता येणार नाही, ऑपरेशन लांबणार, असं डॉक्टर म्हणाले. हंबीररावानं तोंड उघडायच्या आत संयोगिता बोलली, "डॉक्टर, माझंच चुकलं. भाऊबीजेला मी दादाला करंजी दिली."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर बाकावर बसून त्यानं तिला सगळं सांगितलं, भजी, पेढे, बंद नसलेलं दुकान. सांगताना तिच्याकडं बघायचं धाडस झालं नाही.

 फुगलेल्या पोटावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, "पोरं लय वाट बघत हुती रं दादा."

संध्याकाळी तो गावात उतरला. कट्ट्यावरून हाका आल्या, गरम भज्यांची प्लेट पुढं झाली. बहिणीचं काय म्हणतंय, कुणीतरी विचारलं.

"मी खाल्लं म्हणून तिचं ऑपरेशन लांबलं," हंबीरराव म्हणाला. "मला आवरत न्हाई. हितनं फुडं मला कायबी देऊ नगासा."

 प्लेट धरलेला हात तसाच पुढं राहिला. हंबीरराव खाली मान घालून उभा होता, आणि एवढं सगळं होऊनही तोंडाला पाणी सुटलंच होतं. ते गिळून तो घराकडं चालू लागला.