कोंबड्यांचा दाणा आणि मावशीचे बोंबील

जुन्नरच्या आठवडे बाजारात माळशेज घाट चढून एक मावशी सुके बोंबील घेऊन यायची. तिचं गाव अलिबागकडं, समुद्रालगत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिच्याकडूनच घ्यायचे. पुढं बोंबील बारीक होत गेले, आणि एका वर्षी तिच्यापुढं नुसता जवळा दिसला.

"मावशी, बोंबील कुठं गं?"

"ऱ्हायलेत कुठं, पोरी? मोठ्या बोटी बारीक आसाची, बारीक भोकांची जाळी टाकतात. पिलंसुद्धा सुटत नाय."

तिच्या नातीच्या हळदीला आम्ही दोघं नवराबायको गेलो. समुद्र मी पहिल्यांदाच बघत होते. धक्क्यावर बोटभर लांबीच्या मासळीचा ढीग पडला होता आणि माणसं फावड्यानं तो टेम्पोत भरत होती. एवढी बारीक मासळी खातं कोण, म्हणून मी विचारलं.

मावशी म्हणाली, "माणसं नाय खात. वाळवून पीठ करतात, कोंबड्यांच्या खाद्यात घालायला." तिनं ढिगातला एक मासा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "सुरमईचं पिल्लू हाय हे. हातभर झालं असतं."

आमची घरची पोल्ट्री आहे. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मावशीला आमची पोल्ट्री ठाऊक होती. जेवायला चला म्हणाली.

परत आल्यावर ह्यांनी कोंबडीखाद्याच्या दुकानदाराला गाठून पोत्यात कसली मासळी असते ते विचारलं. तो हसला. "राव, पोत्यात मासळी कुठली, पिल्लू का मोठी, ते मला काय म्हाईत?"

तेव्हापासून आम्ही मका आणि सोयापेंड आणून घरीच खाद्य भरडतो. कोंबड्या वजनाला उशिरा येतात. शेजारच्या पोल्ट्रीवाल्यांना सांगून बघितलं, "लई शाणी झाली वहिनी," एवढंच ऐकलं.

मावशी बाजारात यायची बंद झाली. फोन केला तर कळलं, मासळी मिळेना म्हणून तिच्या मुलानं होडी विकली आणि ती आता कारखान्यात कोळंबी सोलते. बर्फात हात घालून बोटं आखडतात म्हणाली. मी खाद्याचं सांगितलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "पण पोरी, तुझ्या एका शेडनं दर्या भरायचा नाय."

मग तिनं कोंबड्यांची चौकशी केली.