लागलं म्हणणारा माणूस

गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता जनवाड्याच्या सहा मुलींवर अन्याय झाला. तलवारबाजीची त्यांची निवड चाचणी होती, आणि क्रीडा अधिकाऱ्यानं हॉल एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या जेवणाला देऊन टाकला. चाचणी झालीच नाही.

त्यांना तलवार शिकवणारा माणूस मन्नाएखेळ्ळी गावात हायवेवर पंक्चर काढतो. वाकलेलं पातं बुटाखाली दाबून सरळ करतो. समोरच्याची तलवार अंगाला टेकली की गुण दाखवणाऱ्या मशीनचा दिवा पेटायच्या आत हात वर करून म्हणतो, "लागलं." मुलींबरोबर सरावाला जाणारी मी एकदा हसले. तो म्हणाला, "अक्का, दिवा आत्ता आला. आधी माणूसच कबूल करायचा."

त्या दिवशी मी अधिकाऱ्याशी भांडायला लागले. "कागदावर हॉल रिकामाच होता की," अधिकारी म्हणाला. पांढऱ्या जाकिटातल्या मुली भज्यांच्या कढईशेजारी उभ्या होत्या. त्यांच्या ह्या पंक्चरवाल्या गुरुजीनं त्यांच्याकडं वळून हात वर केला. "लागलं, पोरींनो. तोंडी परवानगीवर गेलो, लिहून घेतलं न्हाई. माझं चुकलं."

मला त्याचा राग आला, अजून आहे. सगळ्या आवारात कबूल करणारा तो एकटाच, आणि चूक त्याची नव्हती.

त्या जेवणाला तुम्ही गेला असाल, तर आधी हात वर करा. मग सोमवारी आमच्याबरोबर क्रीडा अधिकाऱ्याच्या कचेरीत चला आणि चाचणी परत घ्यायला लावा.